थर १४१

वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या शेडमध्ये
मी माती कागदासारखी वापरते.
माती म्हणजे अ‍ॅल्युमिना, प्लॅस्टिकात मळलेली,
लाटून गुंडाळलेली, पापडाच्या पिठासारखी वाकणारी.
एका पानाची जाडी दोन-तीन केसांची.

यंत्र पान ओढतं. लेझर कड कापतो.
कडेबाहेर जे उरतं त्याचे बारीक चौकोन पाडतो
आणि तिथंच ठेवतो.
वरच्या पानांचा भार हे टाकाऊ चौकोनच पेलतात
शेवटापर्यंत;
मग मी लाकडी काडीनं त्यांना उडवून देते.
गरम रूळ फिरतो. पुढचं पान.
दोनशे बारा पानांचं बर्नरचं एक तोंड,
पुण्याच्या गिऱ्हाइकाचं, मुदत शुक्रवार.

बेतूलला माझा बाप हेच करायचा,
साळ नदीच्या तोंडाशी, माडांना बांधलेल्या ताडपत्रीखाली:
साच्यावर काचधाग्याची चटई, वर राळ, वर ब्रश,
पुन्हा चटई, या वेळी आडवी, मग तिरकी.
सगळे धागे एका दिशेनं घातले
की लाट नेमकी दुसरीकडून येते, म्हणायचा.
आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची
तरी शाळेत माझ्या पाठीला
ती बारीक काच खाजायचीच.

मिनिनसरांच्या टेबलावर शिंपल्याचं एक तावदान आहे,
लोटलीत पाडलेल्या कुठल्याशा घराच्या खिडकीतलं.
चहाचा कप ते त्यावरच ठेवतात.
एकदा कड भिंगाखाली धरून दाखवली:
खडू आणि डिंक, खडू आणि डिंक,
मोजता मोजता डोळा थकेल इतके.
चीर आत शिरते खरी,
पण दर थराशी थांबून पत्ता विचारत बसते,
आणि बहुतेक वेळा पोचतच नाही.

भट्टीला घाई चालत नाही.
आधी प्लॅस्टिक जाळायचं, तासाला पाच अंश.
ज्यानं सगळं धरून ठेवलं
त्यानंच आधी निघायचं, फोड न उठवता.
मग सोळाशे.
वस्तू पाचव्या हिश्शानं आकसते, म्हणून आम्ही
हवी त्याहून मोठी बनवतो. हिशेबात ते धरलेलं असतं.

तोंड निघालं पांढरंशुभ्र, अंगावर डाग नाही.
अल्ट्रासाउंडचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं.
बुधवारी मी ते टॉवेलात गुंडाळून घरी नेलं.
नियमात हे बसत नाही.

बापाचा डावा कान ग्राइंडरनं खाल्लाय.
उजवा त्यानं वस्तूजवळ नेला,
खिशातनं नाणं काढलं
आणि होडीचा तळ वाजवावा तसा वाजवत गेला.
टिण. टिण. टिण. टिण.
मी वाटीत सोलकढी ओतत होते.
टिण. टिण.
टप.
"हांगा वारें आसा, बाय."

गुरुवारी हिऱ्याच्या पात्यानं कापलं.
थर एकशे एकेचाळीस,
अर्ध्या उडदाएवढी पोकळी.
मला ते पान आठवत होतं.
वीज डोळा मिचकावून परत आली होती,
रूळ जरा अडखळला होता.
यंत्रानं नोंद केली नाही. मी पाहिलं,
आणि पुढचं पान ओढू दिलं.

फॉर्मवर रकाना आहे: दोष कसा आढळला.
अल्ट्रासाउंड. क्ष-किरण. नुसत्या डोळ्यांनी. इतर.
इतरपुढे मी लिहिलं: नाणं.
त्याखाली, विचारलेलं नसताना,
विजेचं आणि माझं.

मिनिनसरांनी दोनदा वाचलं.
पुण्याला फोन लावायला उठले, दारातून वळले.
"कुठलं नाणं?"
पाच रुपयांचं, मी म्हटलं.
जुनं. जाड असतं ते.

रोलवर नवीन गुंडाळी चढवली.
पान एक.