निव्वळ वजन

सांगलीच्या मार्केट यार्डात मी तोलार.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं,
मी आकडा वाचतो, बारदान वजा करतो,
उरेल ते निव्वळ लिहितो.
संध्याकाळी नखं पिवळी, पापण्याही.

प्रांजली अकराची.
दिवाळीनंतर म्हणू लागली, पप्पा, कंबर दुखतीय.
मी हसलो. आमच्यात म्हणतातच,
पोरांना कुठली कंबर,
ती मागनं फुटते, अक्कलदाढेसारखी.

मग तिच्या दुखण्यातून वजा करत गेलो:
गणिताची चाचणी वजा,
सकाळचा आळस वजा,
मोबाईल काढून घेतल्याचा राग वजा.
निव्वळ काही उरेना.

एका शनिवारी ती शाळेतून थेट यार्डात आली.
सौदा उरकला होता.
दस्तगीरमामानं तिचं दप्तर उतरवून
काट्यावर टाकलं, सवयीनं.
पाच किलो सातशे.
मग तिला उभं केलं. अठ्ठावीस.
तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस.
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
तिचे लोंबते पट्टे आवळत म्हणाला,
ओझं पाठीला बिलगू द्यायचं, बेटा.
लांब राहिलं की ते खोटं वजन सांगतं.

मिरजेला, मगदूमबाईंच्या दवाखान्यात
मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, तिला बोलू द्या.
रात्री दुखून जाग येते? ताप? पायाला मुंग्या?
वाकवलं, टाचांवर चालवलं.
नाही. नाही. नाही.
एकेका नाहीला माझ्या छातीवरचं
एकेक पोतं खाली.

एकट्या दप्तराचा गुन्हा नाही हा, बाई म्हणाल्या.
खेळतेस काय?
खो-खो. आता नाही.
कधीपासून?
ती भिंतीवरच्या सांगाड्याकडं बघत राहिली.
टीममधनं काढलं. दिवाळीच्या आधी.

मला ठाऊकच नव्हतं.

पट्टा नको, अंथरूण नको. हलू दे तिला.
वेळ लागेल.
रात्रीची झोप मोडायला लागली, तर मात्र थांबू नका.

आता सात वाजता आम्ही आमराईत चालतो.
ती पुढं पळते, मी धापा टाकतो,
गणिताची वही शाळेच्या कपाटात राहते,
आणि काही दिवस तरीही दुखतंच.

काल म्हणाली, आज दुखतंय.
कुठं?
तिनं हात मागं नेला, जागा दाखवली.
मी तिथं बोट टेकवलं.
इथं?
हं. इथंच.
पांढऱ्या शर्टावर पिवळा ठसा उमटला.
मम्मी ओरडणार तुम्हाला, ती म्हणाली.