उतरल्याची वेळ

सव्वीस वर्षं भूम डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या.
परंडा दहा पाच, बार्शी साडेदहा,
उशीर झाला तर पुढं कारण:
टायर, फाटक, आठवडी बाजार.
आता ढोकीच्या अलीकडं, माळावर,
एक टेबल, एक छत्री, रजिस्टर आणि मी.
बिनइंजिनाची दोन विमानं भाड्यानं जातात.
पंधरा रुपये मिनिट, वर ओढायचे वेगळे.

रकाने चारच. सुटलं, उतरलं, मिनिटं, सही.
कारणाला जागाच ठेवलेली नाही.
हवेला कोण विचारणार, कामून उशीर झाला?

यारीवरचा माणिक हात खाली करतो,
तार ताणते, पंख जमिनीवरून उचलतो,
आणि वर कुठंतरी तार सुटल्याचा
टक् असा आवाज इथवर येतो.
मग काहीच नाही.
एसटी गेल्यावर धूळ तरी मागं राहायची.

तहसीन पटेल, उमरग्याच्या शाळेत गणिताच्या बाई.
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात,
पाकिटात वीस मिनिटांचे मोजून तीनशे.
एकोणिसाव्या मिनिटाला चाक धावपट्टीला लागतं.
उरलेले पंधरा रुपये त्या मागून घेतात.
मीही सुटे काढूनच ठेवतो.

मार्चमधली गोष्ट. बारा सात, सुटलं.
काळं रान तापलेलं, भेगांतून वाफ निघावी तसं.
कारखान्याच्या चिमणीचा धूर सरळ उभा
आणि त्याच्या उजवीकडं सात घारी,
पंख न हलवता, एकीवर एक.
बाई त्यांच्यात जाऊन आठव्या झाल्या.

साडेबारा. मी सुटे हातात धरून बसलो.
एक वाजला. माणिकनं डबा उघडला, परत झाकला.
आभाळात मान वर करून बघितलं की
नजरेत काळे ठिपके नाचतात,
त्यातला बाईंचा कोणता, कळेना.

दोन वीसला फोन.
"तेरच्या पुढं, काढलेल्या हरभऱ्यात आहे.
विमान नीट आहे. मीही."
मी म्हणालो, उतरलं किती वाजता?
पलीकडं मेंढरांचा आवाज.
"घड्याळ बघितलं नाही, काका."
ह्या बाईनं.

मग फोनवर दुसराच माणूस, मेंढरंवाला:
"लिवा की, मेंढरं पाण्यावर न्यायच्या येळंला."
मी तेच लिहिलं. शाईनं.

कुलकर्णी हिशेबनीस रजिस्टर बघून तापले.
काका, कम्प्युटर मेंढरं घेत नाही.
शेवटी अंदाजानं पावणेदोन धरले.
अठ्ठ्याण्णव मिनिटं, चौदाशे सत्तर.

पुढच्या रविवारी त्या उडायला नव्हत्या आल्या.
त्याच रानातून उन्हात चालत आलेल्या,
चपलांना हरभऱ्याचा भुसा.
उतरले तेव्हा पंखाच्या टोकाची सावली
विहिरीच्या कठड्याला टेकली होती, म्हणाल्या,
तेवढं मात्र दिसलं होतं.
आज तिथं पंखाच्या उंचीची काठी रोवून बसले.
आठ दिवसांत सावली जराशी सरकते, तेही धरलंय.
एक अठ्ठावन्न.
टेबलावर पाकीट. एकशे अकरा मिनिटं, सोळाशे पासष्ट.

तेरा मिनिटं जास्तीची, स्वतःच्याच अंगावर.
कुलकर्णींनी नोटा दोनदा मोजल्या.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, हा डेपोचा नियम.
मी मेंढरांच्या शेजारी बारीक अक्षरात
एक अठ्ठावन्न लिहिलं, खाली सही घेतली.

विचारावं की नाही, असं करत विचारलंच.
वर एवढा वेळ काय केलं?
त्या पाकिटाची घडी घालत होत्या.
"घारी उतरत नव्हत्या," म्हणाल्या.

चारात कुठल्याच रकान्यात ते बसेना.
मी समासात लिहून ठेवलंय.