मॉड्यूल तीन

फलज अल् कबाइलच्या शेडमध्ये
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि मी, बावन्नाव्या वर्षी,
माउस धरायला शिकतो.
"एवढा आवळू नका उस्ताद," बुशरा म्हणते,
"चकची चावी नाही ती."

तीस वर्षं हॉबिंगवर गेली.
बदली गिअरांचा तक्ता तोंडपाठ,
बाबालाल मिस्त्रींनी इचलकरंजीत
पाढ्यांसारखा घोकून घेतलेला,
चुकलं की कानाला तेलकट बोटं.
आता तो सगळा तक्ता एका चौकटीत मावतो.
चौकट विचारते : दाते किती?
प्रेशर अँगल किती? हेलिक्स आहे का?
आणि कर्सर लुकलुकत उभा राहतो
वसुलीला आलेल्या माणसासारखा.

पहिल्या दिवशी मी चौदा दाते घातले.
मुळाशी सगळे आतून कुरतडल्यासारखे दिसले.
वाटलं, कॉम्प्युटर बिघडला.
ती हसली नाही. तेवढ्यासाठी मी तिला मानतो.
म्हणाली, सतराच्या खाली गेलं
की हत्यार दात्याचं मूळच कापतं.
हे माहीत होतं की मला,
म्हणजे हातांना होतं.
तोंडानं कधी सांगावं लागलं नव्हतं.

मग आला इन्व्होल्यूट.
तिनं समीकरण लिहिलं, मी मान डोलावली,
तिनं ओळखलं, मान खोटी आहे.

रात्री खोलीवर शर्टाचं बटण लावत होतो.
रीळ गुडघ्यात धरून धागा ताणला,
तो सुटत गेला
आणि त्याच्या टोकानं हवेत जी वाट काढली
ती बघत सुई हातातच राहिली.
अरे, हीच की ती रेघ.
आई यंत्रमागाच्या कांड्या भरायची,
फुकट गेलेली एखादी मला द्यायची, गप्प बसावं म्हणून.
मी उंबऱ्यावर बसून धागा सोडवायचो.
चार वर्षांचा होतो,
दात्याची कड आखत होतो.

सकाळी रीळ घेऊनच गेलो.
अर्ध्या अरबीत, अर्ध्या हातवाऱ्यांत सांगितलं.
बुशरा बराच वेळ धागा सोडत, गुंडाळत,
पुन्हा सोडत बसली.
तिचा चहा गार झाला.

गुरुवारी खलफान आला,
जाळं ओढायच्या विंचचं चाक फडक्यात गुंडाळून,
पडलेला दात वैद्याला दाखवायला आणावा तसं.
चार दाते गेलेले. ड्रॉइंग नाही,
कंपनीचं नाव गंजात बुडालेलं.
दाते मोजले : बत्तीस.
व्हर्निअर लावला : एकशे एक पॉइंट पाच.
सॉफ्टवेअर म्हणालं, मॉड्यूल दोन पॉइंट नऊ आठ पाच.
"हेच ठेवू?"
मी दात्यांच्या माथ्यावरून अंगठा फिरवला.
"तीन घाल. बाकीचं समुद्रानं खाल्लं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तीन घातलं.

"बॅकलॅश?"
पुस्तकात आहे त्याहून जरा जास्त, म्हटलं,
वाळू जाणार, मीठ जाणार,
फार चिकटून बसलेली चाकं रडतात.
तिनं आकडा टाकला. वहीतही लिहिला.

जोडीचं चाक सतराचं.
तिनं एक दाता लाल केला, समोरची एक खाच लाल केली,
आणि दोन्ही फिरायला सोडली.
हा त्या खाचेत परत येईल, म्हणाली,
पण मधल्या एकूणएक खाचांना भेटून,
बत्तीस फेऱ्यांनी.
मी मोजत राहिलो.
मार्चमध्ये माझा व्हिसा संपतो,
ही खुर्ची तिची होणार आहे.
ते तिला ठाऊक आहे, मलाही,
कागदावर तेवढं यायचंय.
एकोणीस. वीस.
खलफान दारात उभा राहून विचारत होता, कधी मिळेल?
एकविसाव्या फेरीला मोजणी चुकली.

तोवर मशीननं दार लावून घेतलं होतं,
काचेवर कूलंटचं दूध उडत होतं.

फाइलला नाव काय देऊ, तिनं विचारलं.
खलफानचं दे, म्हटलं.
तिनं माझं टाइप केलं, सातगोंडा,
मधला एक 'अ' खाऊन.

मी दुरुस्त केलं नाही.