पाठवाचन

साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर
मी पाठी वाचते.
भिंगाचा दिवा, पारदर्शक पट्टी
आणि घामाने न पुसणारं जांभळं पेन.
खाली खोकेवाले दिवसभर चिकटपट्टी ओढतात, चर्र.
वर आम्हीही तेच करतो,
जरा हळू.

एका पाठीवर दहा चकत्या, पाच-पाचच्या दोन रांगा.
एक : शांपू.
चार : वास मोगऱ्याचा, मोगरा कुठेच नाही.
सात : गोंद.
दहा : नुसतं पाणी,
कारण दहांत एक तरी निरपराध लागतो.

पूर्वी इथे गिनीपिग असायचे म्हणे.
त्यांचे पिंजरे आता गच्चीवर,
एकात वॉचमनने अळू लावलंय.
हल्ली आधी बाटलीतल्या पेशींना विचारतात,
सदतीस अंशांवर, ऊब देऊन.
पेशींनी हरकत घेतली नाही की मग
भांडुपहून हेमलता घाडीगावकर येतात.

"नऊ वेळा लावायचं, तीन आठवड्यांत.
मग दोन आठवडे सुट्टी. मग शेवटचं एकदा."
सुट्टी कशाला?
"कातडीला विसरायला वेळ द्यायचा,
आणि बघायचं, विसरली का."
त्या हसल्या.
"पंधरा दिवसांत कोण विसरतं, बाई?"
मग विचारलं,
पाठीवरून पाणी घ्यायचं नाही, त्याचे वेगळे मिळतात का.

पहिल्या भेटीत सहसा काही होत नाही.
अंग फक्त बघून घेतं,
आत कुठेतरी नाव टिपून ठेवतं.
तमाशा नंतरच्या भेटीत.
आणि इथे बुधवारी पहिलीच पट्टी काढली
तर सातव्या घरात लाली,
वर बारीक पुरळ, बोटाला रव्यासारखं.
अकरा मिलिमीटर. मी दोन अधिक चिन्हं काढली.
डॉक्टर कुरियननी भिंग खाली ठेवलं :
"इतक्या लवकर? ही ओळख जुनी आहे."

तेव्हा कुठे मी पाठीवरून चेहऱ्यापाशी आले.
या नोकरीत उलटंच वळण पडतं.
कपाळावर टिकली, मरून, रुपयाएवढी.
"लग्नात मोहरीएवढी लावायचे," त्या म्हणाल्या.
"खाली पांढरं पडत गेलं, तशी मोठी घेत गेले.
बावीस वर्षं. सासूबाई म्हणायच्या, कोड.
धाकट्या नणंदेच्या बैठकीला मला
आतल्या खोलीत बसवलं होतं."

कुठल्या घरात काय, हे सांगायचं नाही.
करारात तसं आहे, खाली माझी सही आहे.
पाठ स्वतःची स्वतःला दिसत नाही,
म्हणून मी फोनवर फोटो काढून दाखवला :
जांभळ्या चौकटी, एकच घर पेटलेलं.
"कोड नसावं," मी म्हटलं. "सात म्हणजे गोंद.
त्वचेच्या डॉक्टरांना हा फोटो दाखवा."
त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला,
इतका मोठा की नुसताच लाल रंग उरला.

मग कार्डावर शिक्का मारावा लागला : पुन्हा घेऊ नये.
"म्हणजे मी नापास?"
नाही हो, सात नंबर नापास.
"मग शिक्का माझ्या कार्डावर का?"

पैसे एकाच पट्टीचे. उरलेल्या आठांचे गेले.
त्यांनी नोटा मोजल्या, ब्लाउजच्या गुंड्या लावल्या,
दारापर्यंत जाऊन परत आल्या,
नखाने टिकली उचकटली
आणि माझ्या तक्त्याच्या कडेला चिकटवली.
"हीसुद्धा लिहून घ्या."

तक्त्यावर दहाच घरं छापलेली.
खाली चर्र.
मी जांभळ्या पेनाचं टोपण काढलं
आणि अकरावं आखायला घेतलं.