धोट्याचं विस्थापन

फळ्यावर दोन ठिपके काढले: घर, शाळा.
मधे वडगाव, जमेल तसं,
गल्लीचं वळण, उघडं गटार,
कोपऱ्यावर चाक निखळून पडलेला उसाचा ट्रॅक्टर,
ज्याला वळसा घातल्याशिवाय या आठवड्यात
कुणीच शाळेत पोचलेलं नाही.
चाललात ते अंतर, म्हटलं.
आणि पट्टी ठेवून सरळ रेघ, टोकाला बाण,
हे विस्थापन.
संध्याकाळी घरी गेलात की उत्तर शून्य.

नववी ब नं शून्य लिहून घेतलं.
भिंतीपलीकडे कन्नड वर्गात
हाच धडा चालू होता, स्थानपल्लट, स्थानपल्लट,
त्यांचाही बाण घरी परतत असावा.

गंगोत्री बुचडीचा हात वर.
"सर, धोट्याचं किती?"
"कुठला धोटा?"
"आमच्या मागाचा. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं.
सकाळी सातला पप्पा बटन दाबत्यात,
तवापासनं पळूलाय."

मग गणितच मांडलं.
मिनिटाला एकशे वीस फेका,
एका फेकीला दीड मीटर,
बारा तास.
एकशे तीस किलोमीटर झाले.
म्हणजे धोटा रोज कोगनोळीचा नाका ओलांडून
कोल्हापूरच्याही पुढे जातो,
किंवा उलटा निघाला तर
हुबळी मागे टाकतो,
आणि कुणी त्याला विचारत नाही
तू कुठला.
विस्थापन?
वर्ग एका सुरात: शून्य.

ती बसली नाही.
"मग साडी कशी झाली, सर?"

साडी धोट्याच्या वाटेनं जात नाही,
ती काटकोनात सरकते, एकेका धाग्यानं,
हे मला सांगायचं होतं.
घंटा झाली.
बाहीला चिकटलेला जांभळा धागा
काढता काढता ती गेली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतच तिनं गाठलं.
"सर, काल रात्री लाईट गेली.
माग थांबला तवा धोटा पलीकडं होता.
मोबाईलच्या उजेडात मोजलं मी,
एक मीटर अठ्ठेचाळीस.
शून्य न्हाई."

दिशा सांग, म्हटलं. दिशेशिवाय अर्धाच मार्क.

डोळे मिटून
ती अंगणातल्या अंगणात थोडी फिरली,
घर आठवून उभी राहिली,
आणि हात लांब केला
बंद पडलेल्या डेपोच्या बाजूला.

"लाईट आली का?"
"अजून न्हाई, सर.
पप्पा तितंच बसल्यात."