पाणसळ

चष्म्याचं दुकान माझं, पारोळ्याच्या बाजारपेठेत.
तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलत विचारलं,
हे बरं की ते बरं?
स्वतःची दुर्बीण घेताना मात्र
कोणी विचारलं नाही मला.

घेतली ती खोक्यावरचा आकडा बघून.
पाचशेपट, लाल अक्षरांत.
पाय काडीपैलवानाचे.
जिन्यात कोणी चप्पल काढली
तरी वर चंद्र उकळायला लागायचा.
शनी दिसला म्हणावं तर दिसला,
वाऱ्यात धरलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा.

मग शिकलो, पैसे गेल्यावर शिकतात तसं:
किती पट ते विचारू नये,
तोंड केवढं ते विचारावं.
अंगणात ठेवलेली परात ती,
रुंद तेवढी भरते.
आणि नळीच्या आधी पाय बघावेत,
बैल घेताना बघतात तसे.

सहा इंची आरसा कुरिअरने आला.
हात धुऊन, अंगठी काढून उचलला.
पायांसाठी गेलो सुपडू मिस्तरीकडे,
ज्याने जन्मभर चौकटी केल्या, शाळेची बाकं,
गाड्यांची साटी.
म्हटलं, असं खोकं हवं जे बोटाने फिरेल
आणि बोट काढलं की तिथंच थांबेल.
तो म्हणाला, म्हणजे जातं बी अन् खुंटी बी.
पुस्तकाला यासाठी चार पानं लागली होती.

अठरा मिलिमीटरचं प्लायवूड, वर सनमायका,
खाली तीन जागी टेफ्लॉनचे तुकडे.
कॅरमची पावडर त्याने स्वतःहून लावली,
मी पुसून काढली.
दोन दिवस बोललो नाही आम्ही.

आयपीस दोनच घेतले, पंचवीसचा आणि दहाचा.
सहाचा हातात होता, परत ठेवला.
वैशाखात इथली हवा म्हणजे तव्यावरची वाफ,
ती मोठी करून काय बघायचं?
जाड भिंगाने अक्षर वाढतं,
मजकूर वाढत नाही,
हे मी दुकानात रोज सांगतो.

गच्ची सोडली. पत्रे रात्री एकपर्यंत धगधगतात.
तामसवाडीच्या रस्त्याला, पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात
बाज टाकली, आरसा निवायची वाट बघत
कळण्याची भाकरी खाल्ली.
तासाभराने शनी धरला,
मिस्तरीला म्हटलं, दख.

मोतीबिंदू काढून सहा महिने झालेले त्याला.
वाकला. एक डोळा मिटताना
सगळं तोंड वाकडं झालं.
कड्याबद्दल अवाक्षर नाही.
बऱ्याच वेळाने: "सरकी राह्यनं."
आणि लगेच, खालच्या आवाजात,
"मन्हा खोकामा खोट शे."

मी म्हटलं, तो नही, आपन.
पृथ्वी फिरते मिस्तरी,
दीड मिनिटात तो या काठाचा त्या काठाला जातो.
त्याने मान हलवली,
उधारीचं कारण ऐकताना हलवतात तशी.

दुसऱ्या रात्री पाणसळ घेऊन आला.
खोक्याखाली पाचरी ठोकल्या,
एक सागाची, एक बाभळीची.
बॅटरीच्या उजेडात बुडबुडा
दोन रेघांच्या मधोमध येऊन बसला,
हिरवट, हालेना.
मग डोळा लावला.
शनी चाललेलाच.
पुन्हा पाणसळ. पुन्हा शनी.
असं चार वेळा.

पाचव्यांदा तो सरळ उभा राहिला
आणि पायाखालचं ढेकूळ चपलेने दाबून बघितलं.
तिसरी पाचर हातातच होती.
"आते हाई कोठे ठोकू?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं.
त्याने पाचर कानावर खोचली, पेन्सिलीच्या जागी,
करंगळीने खोकं जरासं ढकललं.
शनी मधोमध.
दीड मिनिट थांबला, पुन्हा ढकललं.

माझा नंबर लागला तेव्हा
साडेतीन वाजले होते.