खेपा

साडेनऊला जेवणं आटोपून आम्ही बसायचो,
मी, सोजर, आणि कधीमधी वरच्या खोलीतला कंडक्टर.
मालिकेतला विश्वंभर हुडगे
पंचायत समितीत टँकरच्या खेपा लिहायचा.
गाव, वेळ, लिटर, ड्रायव्हरचा अंगठा.
अक्षर सुरेख.
मी उदगीरच्या तहसीलसमोर तीस वर्षं टायपिंग केलं,
अक्षरावरून मला माणूस कळतो,
असं मी तेव्हा म्हणालो होतो.

पहिली खोटी खेप त्याने दयेपोटी लिहिली.
यादीत नसलेली वस्ती, पाथरवटांची सात पालं,
त्यातल्या एकात बाळंतीण.
टँकर तिकडे वळवला
आणि रजिस्टरात दुसऱ्याच गावाचं नाव घातलं.
सोजरने पदर डोळ्यांना लावला.
कंडक्टर म्हणाला, असा माणूस पाहिजे.
आम्हाला काय माहीत,
हात एकदा वळला की
पुढे शाईला कारण लागत नाही.

नवव्या भागात खेप लिहिली, टँकर निघालाच नाही.
बाराव्यात टँकरच नव्हता,
नंबर कुणाच्या तरी स्कूटरचा होता.
सोळाव्यात त्याने साहेबाला पाकीट दिलं
आणि साहेबाच्या आधी स्वतः हसला.

मी समजूत घालत राहिलो. सोजरची, म्हणजे माझीच.
वरून दबाव असतो,
एकट्याने काय होतं,
सबब सदरहू इसमाने नाइलाजास्तव, वगैरे.
सोजर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"आधी हा चपला दाराबाहेर काढायचा.
आता तशाच घालून चुलीपर्यंत येलालाय.
बघलालाव का तुम्ही?"

मी नव्हतं बघितलं.
मी मागचं संगीत ऐकत होतो.

तिसाव्या भागात ड्रायव्हर इलाही
खरा हिशेब घेऊन आला,
पोराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला.
रात्र. अधिग्रहणातली विहीर. कठडा ढासळलेला.
विश्वंभरने त्याला ढकललं नाही.
हातातली बॅटरी तेवढी विझवली.
पाण्यात काही पडल्याचा आवाज आला नाही,
कारण विहिरीत पाणी नव्हतं.
त्याच विहिरीवरून त्याने उन्हाळाभर
बावीसशे खेपा भरल्या होत्या.

सकाळी रजिस्टरात एक ओळ:
चालक गैरहजर.
अक्षर तेवढंच सुरेख.

त्या रात्री सोजर मध्येच उठून गेली
आणि आत भांडी उगाच पुन्हा लावत बसली.
मी पुढचा भाग पाहिला. त्याच्या पुढचाही.

शेवटच्या भागात पोलिसांची जीप आली.
तो मागच्या दाराने तुरीत शिरला,
ओळीओळीतून वाकून, एका हाताने धोतर नाही, पँटच सावरत,
आता पोट सुटलं होतं त्याचं.
आणि माझ्या तोंडून निघालं,
पळ.

मोठ्याने निघालं.
कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं,
पहाटेची निलंगा गाडी आहे म्हणाला
आणि जिना चढून गेला.
तो सापडला की नाही, मला नीट आठवत नाही.
मी इलाहीचं नाव आठवत होतो
आणि ते पटकन आठवत नव्हतं.

रात्री एकला नळ आला. अकरा दिवसांनी.
पाइप, कॉक, वायर,
अंधारातही माझ्या हातांना सगळं पाठ आहे.
गल्लीच्या टोकाला, चढावर, मस्तानबीचं घर.
आमची मोटार लागली की
तिच्या नळाला नुसता फुसफुसता वारा येतो,
हे तिने एकदा हसत हसत सांगितलं होतं,
कुणाची मोटार ते न सांगता.
आम्हीही हसलो होतो.

बटणावर बोट ठेवून मी थांबलो. बराच वेळ असेल,
कारण सोजर दारात येऊन उभी राहिली,
कमरेला कळशी, हातात दुसरी.
मला वाटलं, ही आता माझ्या पायांकडे बघेल.

ती काही बोलली नाही.
तिलाही पाणी भरायचं होतं.